टायर बदलले, पण स्टेपनीचे काय?

गंगापूर रोडवर राहणाऱ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे जर्मन कंपनीची आलिशान सेडान आहे. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मणक्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी मुंबईची फेरी ठरलेली. गाडी नवी, सीट चामड्याच्या, तरी वडिलांची तक्रार एकच : ‘यापेक्षा तुझी जुनी गाडी बरी होती. हिच्यात बसलं की खड्डे मोजत जावं लागतं.’ मुलाने टायरच्या दुकानात विचारले. दुकानदाराने चाकाकडे एक नजर टाकली आणि निदान केले, ‘साहेब, रन-फ्लॅट आहेत. काढून साधे टाका, गाडी लोण्यासारखी चालेल.’ शोरूममध्ये विचारले तर सल्ला नेमका उलटा : कंपनीने दिले आहेत तेच ठेवा, बाकी जबाबदारी तुमची.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या गाडीच्या डिकीत स्टेपनी नाही, हे दोघांपैकी कोणीच बोलले नाही. मुलानेही तोवर डिकीचा तळ कधी उचकटून पाहिला नव्हता.

आधी हा टायर म्हणजे काय ते पाहू. साध्या टायरमध्ये गाडीचे बहुतेक वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत दुमडते, रिम तिला चेचत राहते आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात. रन-फ्लॅट टायरच्या बाजूच्या भिंतीत जाड, कडक आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचा जादा थर असतो. हवा पूर्ण गेली तरी ही भिंत गाडीला उचलून धरते. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत ठेवला तर साधारण ८० किलोमीटर जाता येते; गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर त्याहून कमी. ही मर्यादा उष्णतेमुळे येते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला भिंत वाकते आणि सरळ होते, त्यात थोडी ऊर्जा उष्णता बनून रबरातच अडकते. रबर उष्णतेचे वाईट वाहक. काही वेळाने आतला थर भाजून निघतो आणि मग तोही हार मानतो.

अशा टायरची कल्पना जुनी आहे. १९८७ मध्ये ब्रिजस्टोनने पोर्शेच्या ९५९ या गाडीसाठी ते बनवले होते. पुढे २००० नंतरच्या दशकात बीएमडब्ल्यूने ते सरसकट वापरायला सुरुवात केली आणि रन-फ्लॅट हा शब्द आपल्याकडच्या पार्किंगपर्यंत पोहोचला. कंपन्यांचा फायदा उघड होता : स्टेपनी, जॅक, पाना सगळे गेले, डिकी मोकळी झाली. युरोपात ८० किलोमीटरच्या टप्प्यात एखादे वर्कशॉप सापडतेच, असा त्यामागचा हिशेब.

नाशिकहून मोजायला घेतले तर ८० किलोमीटर म्हणजे काय? मुंबईच्या वाटेवर इगतपुरी सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे शहरातून निघताना पंक्चर झाले तरी घाट उतरून जाता येईल. पण इगतपुरीला किंवा कसाऱ्याला १८ इंची रन-फ्लॅट टायर तयार मिळेल, अशी आशा करू नये. नाशिकमध्येही तो अनेकदा मागवावा लागतो. हे टायर बहुतांशी परदेशातून येत; २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली आणि वाट पाहण्याचे दिवस वाढले. आपल्या सातपूरला ज्या सिएटचा कारखाना आहे, त्या कंपनीने २०२५ मध्ये स्वतःचे रन-फ्लॅट टायर बाजारात आणले. तेव्हा परिस्थिती सुधारेल, पण हव्या त्या मापात आणि हव्या त्या गावात मिळायला वेळ लागेल.

आता वडिलांच्या पाठीकडे. जी कडक भिंत हवा नसताना गाडी उचलून धरते, ती हवा असतानाही कडकच असते. खड्ड्याची धार, पुलाच्या सांध्याची पट्टी, पेव्हर ब्लॉकचा खडखडाट हे सगळे साधा टायर आपल्या पोटात बरेचसे जिरवतो. रन-फ्लॅट ते वर पाठवतो. शिवाय तो किलो-दोन किलो जड असतो, आणि स्प्रिंगच्या खाली लटकलेले हे वजन शॉक अॅब्सॉर्बरला आवरावे लागते.

शरीराला याचा त्रास किती होतो, हे मात्र धक्का कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरते. बसलेल्या माणसाचे शरीर वर-खाली होणाऱ्या, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणाऱ्या कंपनांना सर्वांत संवेदनशील असते. कंपने मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानकही याच पट्ट्याला जास्त महत्त्व देते. ट्रक, बस आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांमध्ये अशा कंपनांचा कंबरदुखीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण मोटारीची बॉडी स्प्रिंगवर हेलकावते ती सेकंदाला एक-दोनदा, आणि चाक उसळते ते दहा-पंधरा वेळा. टायर बदलल्याने फरक पडतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात आणि अचानक बसणाऱ्या टणक धक्क्यांत. म्हणजे गाडी नक्की मऊ होईल, कानाला आणि कमरेला ते पहिल्या दिवशी जाणवेल. पण टायर बदलून कंबरदुखी बरी होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तीन-चार तास एकाच स्थितीत बसणे हे पाठीचे वेगळे आणि बरेचदा मोठे दुखणे असते, त्यावर उपाय वाटेत दोनदा उतरून चालणे हाच.

ठिसूळ हाडांच्या वृद्धांसाठी मात्र एकच जोराचा धक्काही पुरे होतो. गतिरोधकावर गाडी आदळून मणका दबल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि त्यात मागच्या सीटवर बसलेले पुष्कळ आहेत. कारण साधे आहे. मागची सीट मागच्या चाकाच्या जवळ, म्हणून उसळी जास्त; पुढची सीट दोन चाकांच्या मध्ये येते. मान म्हणून आपण वडीलधाऱ्यांना मागे बसवतो. त्यांच्या मणक्याला पुढची, थोडी मागे रेललेली सीट जास्त मानवेल, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. आलिशान गाडीच्या कडकपणाला रन-फ्लॅटइतकाच टायरचा बुटकेपणा जबाबदार असतो. टायरवर २२५/४५ आर १८ असे लिहिलेले असेल, तर २२५ मिलिमीटर ही रुंदी आणि भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे जेमतेम १०१ मिलिमीटर. त्याच गाडीला कंपनीने १७ इंची रिमवर २२५/५० हे मापही मान्य केले असेल, तर भिंत ११२ मिलिमीटर होते आणि चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, फरक फक्त ३ मिलिमीटरचा. अकरा मिलिमीटर जास्त रबर आणि हवा खड्ड्यात फार कामाला येते. रिमला तडा जाण्याचा आणि टायरला फुगा येण्याचा धोकाही कमी होतो. मान्य मापे कोणती, ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असते. रिम मोठी करून टायर बुटका करण्याची हौस नाशिकच्या रस्त्यांवर, त्यातही सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदाई चालू असताना, कोणाला कशी परवडते हे मला कळत नाही.

साधे टायर बसतात का? बसतात. रन-फ्लॅटसाठीच्या रिमला आतून जादा उंचवटा असतो, तो साध्या टायरला अडथळा करत नाही. उलट प्रकार, म्हणजे साध्या रिमवर आणि हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा नसताना रन-फ्लॅट चढवणे, धोक्याचे. बदलायचे तर चारही चाके एकदम. पुढे साधे आणि मागे रन-फ्लॅट अशी गाडी वळणावर आणि जोरात ब्रेक लावल्यावर कशी वागेल याचा भरवसा नसतो. मापाच्या पुढे असलेला आकडा आणि अक्षरही तितकेच महत्त्वाचे. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलायचे, ९५ म्हणजे ६९० किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७० पर्यंत. ‘इतक्या वेगाने कोण जातो?’ म्हणून कमी क्षमतेचा टायर घेऊ नये, कारण ही क्षमता उष्णता सोसण्याचीही खूण आहे. भिंतीवर चार अंकी आकडाही असतो. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सवलतीत मिळणारा टायर घेताना आधी तिथे बघावे.

नंतर हवेच्या दाबाची सूचना. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. काहींत नसतो, गाडी चाकांचे फेरे मोजते : हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जास्त फिरते, आणि दिवा लागतो. अशा गाडीत टायर बदलल्यावर यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते. दोन मिनिटांचे काम, पण विसरले तर दिव्याचा उपयोग शून्य.

आता डिकीचा प्रश्न. ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनाला स्टेपनी नसली तरी चालते, असा बदल केंद्राने २०२० मध्ये नियमांत केला. कायद्याचा प्रश्न मिटला, रस्त्यावरचा नाही. किट म्हणजे बाटलीतला चिकट द्रव आणि छोटा कंप्रेसर. खिळ्याचे लहान छिद्र त्याने बुजते. भिंत फाटली, खड्ड्याने टायर चिरला, तर ती बाटली दुधाची असली काय नि द्रवाची असली काय. त्या द्रवाला मुदत असते, तीही बाटलीवर छापलेली असते.

म्हणून साधे टायर घालताना खरा खर्च पाचव्या चाकाचा धरावा. अरुंद, तात्पुरती स्टेपनी मिळते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचे नसते. गाडीच्या तळाला तिच्यासाठी खळगा नसेल तर ती डिकीत पट्ट्याने घट्ट बांधावी लागते, कारण सुटे चाक जोराच्या ब्रेकला पुढे झेपावते. जॅक आणि त्या गाडीच्या बोल्टला बसणारा पाना वेगळा घ्यावा लागतो. हे सगळे धरूनही रन-फ्लॅटच्या नव्या जोडीपेक्षा हिशेब बहुधा स्वस्त पडतो. हवा नसताना चाललेला रन-फ्लॅट दुरुस्त करू नये असे अनेक उत्पादक सांगतात, कारण आतली भिंत भाजली आहे का ते बाहेरून दिसत नाही. तो टायर मग थेट भंगारात.

रन-फ्लॅटची बाजू मांडायची तर ती समृद्धी महामार्गावर मांडावी. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नाशिककरांना मुंबई, नागपूर दोन्हीकडे ७०१ किलोमीटरचा हा रस्ता दाराशी आला. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. त्या वेगात पुढच्या चाकाची हवा एकदम गेली तर रन-फ्लॅट गाडी हातात राहते, आणि ताबडतोब कडेला थांबून जिवावर उदार होऊन चाक बदलत बसावे लागत नाही. रात्री एकट्याने किंवा लहान मुलांसह वारंवार असा प्रवास करणाऱ्याने धक्के सोसून रन-फ्लॅटच ठेवले, तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

मात्र टायर फुटण्याचे मूळ बहुतेकदा कमी हवेत असते. कमी हवेने भिंत जास्त वाकते, तापते आणि फुटते. उन्हाचे खापर फार फोडले जाते. तापमान १० अंशांनी वाढले तर दाब जेमतेम दीड पीएसआयने वाढतो. त्या भीतीने उन्हाळ्यात हवा कमी भरणे म्हणजे नेमका उलटा उपाय. नायट्रोजनचेही तेच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. पुणे-मुंबई प्रवासात २०१० मध्ये झालेल्या एका जीवघेण्या अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात विमा कंपनीने टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याचे म्हटले होते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. निघण्यापूर्वी टायर तपासणे हे वाहन चालवणाऱ्याचे काम आहे, असे सांगितले. मोटारीच्या टायरवरच्या खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की तो कायद्यानेही बाद.

चाक कोणतेही असो, घाटात थांबावेच लागले तर गाडी शक्य तितकी कडेला, इंडिकेटर चालू, त्रिकोण मागे लांब. माणसे गाडीत किंवा गाडीच्या मागे उभी न राहता कठड्यापलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणि कुठेही ११२.

गंगापूर रोडच्या त्या कुटुंबाने शेवटी साधे टायर घातले, चारही. सतरा इंची रिमचा विचार केला होता, पण चार नव्या रिमचा आकडा ऐकून सोडला. अरुंद स्टेपनी डिकीत पट्ट्याने बांधली आहे, आणि मुलाने एका रविवारी सोसायटीच्या आवारात स्वतः चाक काढून-लावून पाहिले. पहिल्या वेळी पाऊण तास लागला. वडील आता पुढे बसतात. खड्डे मोजणे थांबलेले नाही, पण आकडा कमी झाला आहे, असे ते म्हणतात. त्यांचा वॉकर मात्र आता डिकीत मावत नाही, तो मागच्या सीटवर आडवा जातो.