सावली, नकाशा आणि शिरगणती : प्रक्षेपण म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय कळल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "प्रक्षेपण म्हणजे इस्रोचं का?" प्रश्न रास्त आहे. मराठीत रॉकेटचंही प्रक्षेपण होतं आणि क्रिकेटच्या सामन्याचंही. आज आपण या दोन्हींबद्दल बोलणार नाही. गणितात ज्याला प्रक्षेप म्हणतात, इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये ज्याच्यावर अख्खा पेपर असतो आणि लोकसंख्येचा पुढचा अंदाज काढताना जो शब्द सारखा वापरला जातो, ते प्रक्षेपण आपल्याला समजून घ्यायचं आहे. उदाहरणं शक्यतो नांदेड आणि लातूरची घेऊ. दूरची घ्यायची गरजच नाही, इथेच भरपूर आहेत.

सावलीपासून सुरुवात

अंगणात एक काठी सरळ उभी करा. तिची जमिनीवर पडलेली सावली हा काठीचा प्रक्षेप. सकाळी लांब, दुपारी आखूड. काठी तीच, पण सावली बदलते. कारण सावली नुसती काठीवर अवलंबून नसते. उजेड कुठून येतो आणि पडदा कुठे आहे, यावरही ठरते.

आता गंमत पाहा. लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि नांदेड १९.१५ अंशांवर. दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे इथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी काठीची सावली दिसेनाशी होते. काठी हातभर आहे की पुरुषभर, हे सावलीवरून सांगताच येत नाही. उंचीची सगळी माहिती गेली.

आजच्या व्याख्यानातलं मुख्य सूत्र हेच आहे. प्रत्येक प्रक्षेप काहीतरी राखतो आणि काहीतरी टाकून देतो. काय राखलं ते आपल्याला समोर दिसतं. काय टाकलं ते विचारावं लागतं.

गणितातला प्रक्षेप

शाळेत आपण लंब टाकायला शिकलो. समजा, तुमचं शेत सरळसोट डांबरी रस्त्यापासून थोडं आत आहे. रस्त्यावर कमीत कमी चालून पोचायचं असेल, तर काटकोनात चालत जायचं. जिथे पोचता तो लंबपाद, म्हणजेच त्या बिंदूचा रस्त्यावरचा प्रक्षेप. गणिताच्या भाषेत प्रक्षेप म्हणजे दिलेल्या जागेतला आपल्याला सगळ्यांत जवळचा बिंदू.

त्याची एक ओळखही आहे. एकदा प्रक्षेप केला, मग पुन्हा केला, तर उत्तर बदलत नाही. रस्त्यावर पोचलेल्या माणसाला "जवळच्या रस्त्यावर जा" म्हटलं, तर तो जागचा हलणार नाही. ही ओळख लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

या साध्या कल्पनेतून समीकरणं सोडवता येतात. क्ष + य = १० आणि क्ष − य = २ ही दोन समीकरणं म्हणजे कागदावरच्या दोन रेषा. शून्य-शून्यपासून निघा. पहिल्या रेषेवर लंब टाका, (५, ५) वर पोचाल. तिथून दुसऱ्या रेषेवर लंब टाका, (६, ४) वर पोचाल. हेच उत्तर. इथे दोन रेषा एकमेकींना काटकोनात आहेत म्हणून दोन पावलांत काम झालं. एरवी या रेषेवरून त्या रेषेवर अशा पुष्कळ फेऱ्या माराव्या लागतात, पण दर फेरीला आपण उत्तराच्या जवळ सरकतो. स्तेफान काचमार्झ या पोलिश गणितज्ञाने ही रीत १९३७ साली मांडली. तेव्हा ती फारशी कुणाच्या कामाची वाटली नसेल. पण जिथे लाखो समीकरणं असतात, तिथे एका वेळी एकच समीकरण हाताळणारी रीत सोन्यासारखी.

अशी लाखो समीकरणं कुठे असतात? सीटी स्कॅनमध्ये. एक्स-रे म्हणजे शरीराची सावलीच. एका बाजूने काढलेल्या एक्स-रेत पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. मग अनेक दिशांनी सावल्या घ्यायच्या आणि त्यांच्यावरून आतलं चित्र परत उभं करायचं. योहान रादोनने १९१७ सालीच याचं गणित मांडून ठेवलं होतं. प्रत्यक्ष रुग्णाचा पहिला स्कॅन १९७१ साली झाला.

किती दिशा पुरेशा? चार खणांचा एक वाफा घ्या, दोन ओळी आणि दोन रांगा. कुठल्या खणात तुरीचं रोप आहे ते तुम्हाला दिसत नाही. फक्त एवढं सांगितलंय की प्रत्येक आडव्या ओळीत एक रोप आहे आणि प्रत्येक उभ्या रांगेत एक. आता सांगा, रोपं कुठे आहेत? सांगता येत नाही. या कर्णावर असतील किंवा त्या कर्णावर. दोन्ही वाफ्यांच्या आडव्या-उभ्या सावल्या अगदी सारख्या. तिसरी, तिरकी सावली घेतली की लगेच निकाल लागतो. म्हणून स्कॅनचं यंत्र रुग्णाभोवती फिरतं.

इंजिनिअरच्या टेबलावर

आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलेल्यांनी प्लॅन आणि एलिव्हेशन काढून काढून बोटं झिजवलेली असतात. गावातला उंच जलकुंभ वरून पाहिला तर गोल दिसतो. चेंडू वरून गोल, लोखंडी पिंप वरून गोल, उलटं ठेवलेलं नरसाळंही गोल. एकट्या प्लॅनवरून वस्तू कळत नाही. म्हणून समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्यं काढायची. वर पाहिलेल्या वाफ्याचाच हा न्याय आहे.

यात एक खाचही आहे. भारतात प्रथम कोन पद्धत वापरतात, म्हणजे वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत, तिथे ते वर काढतात. ड्रॉइंग एका पद्धतीचं आणि वाचणारा दुसऱ्या पद्धतीचा, तर डावा भाग उजवा होऊन बसतो. माप बिनचूक, तरी वस्तू चुकलेली. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छोट्या शंकूची खूण असते. कोणत्या पद्धतीने प्रक्षेप घेतलाय, हे ती सांगते.

नकाशाचंही असंच. पृथ्वी गोल, कागद सपाट. आकार, क्षेत्रफळ आणि अंतरं, सगळं एकदम राखणारा सपाट नकाशा निघूच शकत नाही. सर्वेक्षणात यूटीएम नावाची पद्धत वापरतात. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले आहेत. त्रेचाळिसावा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा आणि चव्वेचाळिसावा ७८ पासून पुढे. आता नांदेड जिल्हा डोळ्यांपुढे आणा. नांदेड शहर ७७.३ अंशांवर, म्हणजे त्रेचाळिसाव्या पट्ट्यात. किनवट ७८.२ वर, म्हणजे चव्वेचाळिसाव्या. एकच जिल्हा दोन पट्ट्यांत विभागलेला!

प्रत्येक पट्ट्याची मोजणी स्वतंत्रपणे सुरू होते. त्यामुळे नांदेडचा पूर्वेकडचा अंक ७ लाख ४० हजार मीटरच्या आसपास येतो आणि किनवटचा २ लाखांच्या थोडा वर. पट्टा न बघता दोन्ही अंक एकाच कागदावर टाकले, तर किनवट नांदेडच्या पश्चिमेला पाचशेहून अधिक किलोमीटर जाऊन पडेल. प्रत्यक्षात ते पूर्वेकडे आहे, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर. कालवा असो की रस्ता, आखणी करताना आधी हा पट्टा विचारावा लागतो.

माणसांचा प्रक्षेप

आता लोकसंख्येकडे वळू. इथे शब्द तोच असला तरी गोष्ट थोडी वेगळी आहे. मघाशी सांगितलेली ओळख आठवा : पुन्हा केला तरी न बदलणारा तो प्रक्षेप. लोकसंख्येचं तसं नाही. २०११ वरून २०२१ काढलं आणि तीच रीत पुन्हा वापरली, तर २०३१ येतं, आकडा पुढे सरकतो. म्हणजे सख्खं नातं नाही, नावापुरतंच साम्य. पण 'काय गृहीत धरलं आणि काय टाकलं' हा प्रश्न इथे जास्तच टोकदार होतो, कारण त्या आकड्यावर माणसांचं पाणी ठरतं.

आधी थोडी पडताळणी करू. लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे २० लाख ८० हजार होती. त्याआधीच्या दशकात ती सुमारे २४ टक्क्यांनी वाढली होती. २००१ साली बसून कुणी म्हटलं असतं, "हाच वेग राहील", तर २०११ साठी २५ लाख ८० हजार असा आकडा आला असता. प्रत्यक्ष शिरगणतीत निघाले २४ लाख ५४ हजार. सव्वा लाख माणसांचा फरक. हिशेबात चूक नव्हती, गृहीतक चुकलं असतं. वाढीचा वेग १८ टक्क्यांवर आला होता. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातही तेच झालं. तिथली वाढ जवळपास १७ टक्क्यांवर उतरली आणि लोकसंख्या ३३ लाख ६१ हजारांवर पोचली.

आता लातूर शहर घेऊ. २००१ साली सुमारे ३ लाख, २०११ साली सुमारे ३ लाख ८३ हजार. दहा वर्षांत ८३ हजारांची वाढ. २०३१ साली किती?

पहिली रीत : दर दशकाला ८३ हजारच मिळवत जा. उत्तर येतं ५ लाख ४९ हजार. दुसरी रीत : दर दशकाला तेवढेच टक्के, म्हणजे २७.७ टक्के, वाढवत जा. उत्तर येतं सुमारे ६ लाख २४ हजार. पाणीपुरवठ्याच्या पुस्तकांत दोन्ही रीती दिलेल्या असतात. जुन्या, स्थिरावलेल्या शहराला पहिली, झपाट्याने वाढणाऱ्याला दुसरी. फरक ७५ हजार माणसांचा. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं, असा आपल्याकडचा मानदंड आहे. म्हणजे रोज एक कोटी लिटरचा फरक.

एक कोटी लिटर म्हणजे किती? एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, सुमारे पंचवीस लाख लिटर. त्या वेळी घागरी-हंडे घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांना हा आकडा वेगळा समजवायला नको. दोन रीतींमधला फरक म्हणजे पन्नास वाघिणींच्या चार गाड्या, रोज.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २०१६ चं संकट लोकसंख्येचा अंदाज चुकल्यामुळे आलं नव्हतं. पाऊस नव्हता आणि धरणात पाणी नव्हतं. लोकसंख्येचा प्रक्षेप फक्त गरज दाखवतो. पाणी येणार कुठून, ही बाजू त्याच्यात सपाट होऊन जाते. डोक्यावरच्या सूर्याखाली काठीची उंची जाते ना, तशी. तिच्यासाठी पावसाची आणि धरणाची वेगळी सावली घ्यावी लागते.

मोजणीत कोण सुटतं?

लोकसंख्याशास्त्रज्ञ नुसते टक्के वाढवत बसत नाहीत. ते वयाचे गट पाडतात आणि प्रत्येक गटासाठी जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वेगळं धरतात. पॅट्रिक लेस्ली यांनी १९४५ साली हे काम सारणीच्या रूपात मांडलं. २०२० साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने २०३६ पर्यंतचे अंदाज दिले, तेही वयोगटांच्याच पद्धतीने. पण ते देश आणि राज्यांपुरते आहेत. जिल्हा आणि शहर आले की स्थानिक अभियंत्याला पुन्हा साध्या रीतींकडेच यावं लागतं.

आणि आपल्याकडे खरी मेख आहे ती स्थलांतराची. 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावची मुलं शिकायला इथे येऊन राहतात. त्यांची नावं गावच्या रेशन कार्डावर, आंघोळीचं पाणी मात्र लातूरच्या नळाचं. उलट मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. जो माणूस मोजणीच्या सगळ्या काळात घरी नव्हता, तो जिथे सापडला तिथे मोजला जातो. पावसाळ्याआधी तो परत येतो, नेमका टंचाईच्या दिवसांत. नियम चुकीचा नाही, पण एका महिन्याच्या सावलीवरून बारा महिन्यांचं गाव दिसत नाही.

त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. तोवर इथल्या योजनांच्या मुळाशी २०११ चाच आकडा आहे.

एका प्रश्नाचं उत्तर

"मग खरी रीत कोणती?" असा प्रश्न आला आहे. आम्ही म्हणू, एका रीतीवर थांबू नका. कमी, मध्यम आणि जास्त, असे तीन आकडे मागा. तीच रीत मागच्या दशकाला लावून बघा, मघाशी आपण जिल्ह्याला लावली तशी. आणि गावात योजनेचा फलक लागला, त्याच्यावर 'संकल्पित लोकसंख्या' असं लिहिलेलं दिसलं, तर ग्रामसभेत उठून विचारा : कोणत्या वर्षाच्या गणतीवरून काढली, वाढीचा वेग काय धरला, हद्दीतल्या नव्या वस्त्या घेतल्या का, आणि बाहेर गेलेली माणसं कुठे मोजली? पाइपलाइनसारखी कामं साधारण तीस वर्षांचा विचार करून आखतात. नळ एकदा जमिनीत गेल्यावर हा प्रश्न विचारून फारसा उपयोग नसतो.

येत्या मे महिन्यात काठीचा प्रयोग घरी जरूर करा, मुलांना सोबत घेऊन.