चमचा बुडाला की तरंगला?

स्वयंपाकघरातला तो एक खण उघडा बरं! रबरबँड, मेणबत्त्या, केचपच्या पुड्या असं काहीबाही साठलेला. केकबरोबर आलेले, आइस्क्रीमबरोबर आलेले, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून आजीने धुऊन ठेवलेले प्लॅस्टिकचे चमचे तिथे हमखास सापडतील. एकदा वापरून फेकायच्या अशा चमच्या-काट्यांवर महाराष्ट्रात 2018 साली बंदी आली आणि 1 जुलै 2022 पासून ती साऱ्या देशाला लागू झाली. पण घरात आधीच जमलेल्यांचं काय करायचं?

आधी त्यांची नीट ओळख करून घेऊ. दिसायला सगळे सारखे असले तरी हे चमचे एका जातीचे नसतात.

एक चमचा जाड फडक्यात गुंडाळा आणि हळूहळू वाकवा. काही चमचे कट् करून मोडतात. हे बहुतेक पॉलिस्टायरीनचे. काही मात्र मुकाट वाकतात, मोडत नाहीत, फक्त वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटते. हे पॉलीप्रोपीलीनचे. मोडलेल्या तुकड्याची धार बोचते, म्हणून फडकं हवंच.

आता खरी गंमत. दोन्ही जातींचा एकेक छोटा तुकडा मोठ्यांकडून कापून घ्या आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात टाका. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंबही पाण्यात सोडा, म्हणजे तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटून आपली फसगत होणार नाही. पॉलीप्रोपीलीन तरंगेल, पॉलिस्टायरीन तळाला जाईल. ग्लासात 200 ग्रॅम पाणी मावत असेल, तर तेवढ्याच जागेत मावणारं पॉलीप्रोपीलीन साधारण 180 ग्रॅम भरतं आणि पॉलिस्टायरीन 210 ग्रॅम. फरक एवढासा, पण पाण्याला तो बरोबर कळतो!

इथेच थांबू नका. पाण्यात दोन-तीन मोठे चमचे मीठ घालून ढवळा. मिठाने पाणी जड होतं, आणि तळाला बसलेला पॉलिस्टायरीनचा तुकडा डुलत डुलत वर येतो. तरीही एखादा तुकडा खालीच बसला, तर आणखी मीठ घाला, अगदी विरघळेनासं होईपर्यंत. इतकं करूनही जो हलत नाही, तो कदाचित पीएलए या प्लॅस्टिकचा असेल. मक्यासारख्या पिकांतल्या साखरेपासून ते बनवतात. "मातीत मिसळून जातो" असं अशा चमच्यांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं खरं, पण त्यासाठी खताच्या कारखान्यातली जवळजवळ 60 अंश सेल्सिअसची ऊब लागते. घरच्या कुंडीत पुरलात तर तो फार काळ जसाच्या तसा राहील.

ही बुडण्या-तरंगण्याची युक्ती फक्त खेळातली नाही बरं का. प्लॅस्टिकचा पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांत मोठमोठ्या टाक्यांमध्ये हेच करतात. आणि मुंबईत धारावीच्या तेरा नंबर कंपाउंडमध्ये गेलात, तर प्लॅस्टिक वाकवून, वाजवून, नुसत्या हाताने चाचपून त्याची जात सांगणारी माणसं भेटतील. मला त्यांच्या बोटांतल्या ज्ञानाचं फार अप्रूप वाटतं. जात ओळखावीच लागते, कारण दोन जातींचं प्लॅस्टिक एकत्र वितळवलं तर ते एकमेकांत नीट मिसळत नाही आणि त्यातून निघणारी वस्तू कमकुवत होते.

मग आपले चमचे भंगारवाला का घेत नाही? एक तर ते अगदीच हलके. पोतंभर गोळा केले तरी वजन नाही, मग पैसे कसे सुटणार? त्यात अन्न चिकटलेलं. शिवाय प्लॅस्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला आकडा बऱ्याच चमच्यांवर नसतोच. कचरा निवडणाऱ्या यंत्रांच्या फटींतूनही ते निसटतात. म्हणजे वितळवून नवं काही करण्याची वाट या चमच्यांसाठी बरीच अरुंद आहे. त्यापेक्षा हाताशी आहे तो चमचा पुन्हा पुन्हा वापरणं कितीतरी बरं.

पण वापरायचा कशाला? गरम वरण-आमटीला नको. पॉलिस्टायरीन उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेला मऊ पडतं. रंग कालवायला, डिंक पसरायला, बियाणं पेरताना माती उकरायला उत्तम. चमच्यावर रोपाचं नाव लिहून तो कुंडीत खोचून ठेवा, असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि त्याचा चुरा मातीत मिसळतो. काम झालं की धुऊन सावलीत ठेवा.

आणि पारदर्शक चमचा सापडला असेल, तर तो मुळीच टाकू नका! लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. घरात कुणाचा पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यांसमोर धरून फिरवा. एका कोनात पडदा काळा दिसेल. आता गॉगल आणि पडदा यांच्यामध्ये चमचा धरा. जांभळा, हिरवा, पिवळा, गुलाबी, रंगांचे पट्टेच्या पट्टे! चमचा बनवताना वितळलेलं प्लॅस्टिक जोरात साच्यात घुसतं आणि लगेच थंड होतं. शेवया ओढाव्यात तसे त्याचे लांबलचक रेणू ताणले जातात आणि त्याच अवस्थेत गोठतात. हा ताण प्रकाशाच्या वाटेत फरक पाडतो आणि तो फरक आपल्याला रंगांच्या रूपात दिसतो. ताणलेल्या, दाबलेल्या काचेत हा चमत्कार डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिला. पुढे इंजिनिअर मंडळी पूल आणि यंत्रांच्या भागांचे पारदर्शक नमुने करून, भार पडल्यावर ताण कुठे येतो ते याच रंगांवरून शोधू लागली. तुमच्या चमच्यात रंगांची सर्वांत जास्त गर्दी कुठे आहे? मानेपाशी की टोकाला? वहीत चित्र काढून रंग भरा.

काळा चमचा मिळाला तर त्याचीही परीक्षा घ्या. काळ्या रंगासाठी घातलेली काजळी अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून त्या प्रकाशाने प्लॅस्टिक ओळखणाऱ्या मोठ्या यंत्रांना काळा चमचा ओळखताच येत नाही. मिठाच्या पाण्याला मात्र रंगाने काही फरक पडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, काही पॉलीप्रोपीलीनच्या चमच्यांत खडूची पूड मिसळलेली असते आणि ते तरंगायचे सोडून बुडतात. वाकला पण मोडला नाही, आणि तरी बुडाला? मग तो बहुधा खडूवालाच!