चावी फिरवली होती का?

सकाळी ७. शटर वर करतो, दारात पाणी मारतो, उदबत्ती मात्र लावत नाही. बाहेरगावच्यांना याचं नवल वाटतं. तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आहेत, आणि दारू पेटली की काय होतं ते इथल्या माणसाला कुणी शिकवायला लागत नाही. माझ्या गॅरेजात काडेपेटीसुद्धा नाही. चहा टपरीवरून येतो, विडी ओढायची तर रस्त्यापलीकडे जायचं. दिवाळीला आठ दिवस राहिलेत. फटाके घ्यायला बीड, बार्शी, कळंबच्या गाड्या पहाटेपासून उतरायला लागल्या आहेत. धुळे–सोलापूर महामार्ग गावाजवळूनच जातो. पूर्वी त्याचा नंबर २११ होता, आता ५२ आहे.

८.१५. शेतातला एक पोरगा मोटारसायकल ढकलत आला. घरात दोन सारखेच पांढरे कॅन, एकात ट्रॅक्टरचं डिझेल, दुसऱ्यात फवारणीच्या पंपाचं पेट्रोल. अंधारात त्याने उचलला नेमका नको तो. ढगासारखा पांढरा धूर, मग गाडी बंद. हे सोपं काम. टाकी रिकामी केली, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून आतलं गाळून टाकलं, तेलकट प्लग पुसला, ताजं पेट्रोल घातलं. चौथ्या-पाचव्या किकला धूर ओकत चालू झाली. जुन्या पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर गाडी रुसते. डिझेल गाडीत पेट्रोल गेलं तर खरी गंमत. कॅनवर खडूने लिही म्हणालो. लिहिणार नाही, मला माहीत आहे.

१०.२०. ती गंमत आलीच. पांढरी छोटी डिझेल गाडी, दोघांनी ढकलत आणलेली. चाळिशीतले गृहस्थ, घामाने डबडबलेले. गाडी मेव्हण्याची, स्वतःची पेट्रोलवर चालणारी. पंपावर खिडकीतूनच सवयीने बोलून गेले, “दोन हजारांचं पेट्रोल टाका.” म्हणजे एकोणीस लिटर, खाली असलेल्या सहा-सात लिटर डिझेलवर. पेट्रोलची नळी बारीक असते, ती डिझेलच्या तोंडात सुरळीत जाते. कुठे अडत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

पहिला प्रश्न मी नेहमी तोच विचारतो, “चावी फिरवली होती का?”

“नाही नाही. लगेच लक्षात आलं.”

लगेच लक्षात आलं असतं तर गाडी पंपावरच उभी राहिली असती. मी गप्प बसलो. माणूस गप्प बसला की समोरच्याला बोलावं लागतं.

“थोडी चालवली.”

“थोडी म्हणजे?”

“असेल एखादा किलोमीटर.”

वहिनी मागून म्हणाल्या, “पाच झाले. टकटक आवाज यायला लागला तरी दामटलीच.”

हे पाच किलोमीटर कळल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं असतं. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोलचा गुण नेमका उलटा, दाबाने आपोआप पेटू नये असंच ते बनवलेलं. म्हणून टकटक. पण खरा घात पंपात होतो. ट्रकच्या टायरात सात-आठ बार हवा असते. या गाड्यांच्या रेलमध्ये हजार-दीड हजार बार दाबाने इंधन धावतं. त्या पंपाला वेगळं वंगण नाही, डिझेल हेच त्याचं तेल. पेट्रोल ते धुऊन काढतं, मग धातूवर धातू घासतो आणि त्याचा भुगा थेट इंजेक्टरमध्ये जातो.

“डिकीत काय आहे?” मी विचारलं.

फटाके! पाच-सहा हजारांचे, खोक्यांवर खोकी.

१०.४५. आधी डिकी रिकामी. एकेक खोकं उचलून लिंबाखाली, गॅरेजपासून लांब नेऊन ठेवलं, वहिनींना तिथेच बसवलं. मगच बॅटरीची तार काढली. अशा कामात माझा पोरगा फोनसुद्धा बाहेर ठेवतो. गृहस्थ मात्र पुन्हा पुन्हा खिसा चाचपत होते. मेव्हण्याचा फोन येऊन गेला होता.

११.३०. टोपणातून नळी घालून ओढता येत नाही, आत जाळी असते. आणि तोंडाने पेट्रोल ओढणारे मेकॅनिक मी पाहिलेत, त्यांचा खोकलाही ऐकलाय. टाकीचे पट्टे सैल करून जॅकवर खाली घेतली. हातपंपाने लोखंडी पिंपात काढलं, पिंपाला आणि गाडीला तार जोडून. टाकी मी दिवसाच खोलतो. दिव्याच्या उजेडात कधीच नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

“पाण्यासारखं खाली बसू दिलं तर वेगळं होईल ना?” त्यांनी विचारलं. नाही होत. पेट्रोल आणि डिझेल एकजीव होतात. टपरीवाल्याने ते पिंप चुलीला मागितलं. त्यात डिझेल असलं तरी पेटताना ते पेट्रोल असतं. त्याला हात लावू दिला नाही.

१.३०. भाकरी, पिठलं. मध्येच चौसाळ्याहून ओळखीच्या ड्रायव्हरचा फोन. डिझेलच्या टाकीत युरियाचं पाणी ओतलंय. “स्टार्टर मारू नको, ओढून आण.” एवढंच.

२.१५. पोरगा वाशीहून फिल्टर घेऊन आला. जुन्या फिल्टरमधलं पांढऱ्या वाडग्यात ओतलं आणि उन्हात धरलं. चांदीची चमक दिसली तर खर्च हजारांत राहत नाही. पंप, इंजेक्टर, रेल, सगळं उतरतं. मी वाडगं फिरवत राहिलो, ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एका कडेला दोन-तीन ठिपके होते. धातू की धूळ, डोळ्याने ठरेना. तसंच सांगितलं.

३.३०. तीन लिटर ताज्या डिझेलने टाकी आणि नळ्या धुतल्या, तेही काढलं. नवा फिल्टर, दहा लिटर डिझेल, हाताने दाबून हवा काढली. सहाव्या प्रयत्नाला लागली. आधी खोकली, मग सरळ झाली. अर्धा तास चालू ठेवून कान लावला. आवाज स्वच्छ. बीडला जाऊन इंजेक्टर तपासून घ्या म्हणालो, आणि इंधनाच्या झाकणाच्या आत लाल रंगाने ‘डिझेल’ लिहून दिलं. खोकी परत डिकीत गेली.

जाताना ते हळूच म्हणाले, “मेव्हण्याला कशाला सांगायचं? फिल्टर बदललं म्हणू.”

रात्री ९. शटर ओढत होतो. अनोळखी नंबर. “दाजींनी तुमच्याकडं गाडी दाखवली म्हणे. बिलावर नंबर होता. फिल्टर कशामुळं गेलं?”

महिन्याभराने पंप बोलायला लागला तर तो बिचारा भलतंच काहीतरी बदलत बसणार.

“पेट्रोल पडलं होतं,” मी म्हणालो. “आणि गाडी पाच किलोमीटर चालली आहे. एक नव्हे, पाच.”

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.