जुन्या बंदुकीत नवी दारू

मराठीत ‘दारू’ या शब्दाची मोठी गंमत आहे. दिवाळीत उडते ती दारू, तोफेत ठासतात ती दारू, आणि बाटलीत असते तीही दारूच. फारसीत याच शब्दाचा अर्थ औषध! ‘जुन्या बाटलीत नवी दारू’ हा वाक्प्रचार मात्र मूळचा आपला नव्हे. तो बायबलातल्या एका दृष्टांतावरून इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि येता येता त्याचे दात पडले. मूळ दृष्टांतात बाटली नाही, कातड्याचा बुधला आहे. ताजा द्राक्षरस आत फसफसतो, जुने कातडे ताणत नाही, आणि बुधला फुटतो. नाटकाच्या परीक्षणात आपण हा वाक्प्रचार वापरतो तेव्हा काहीच फुटत नाही. बंदुकीच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. तिथे फुटते ती नळी, आणि नळीमागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

जुनी दारू म्हणजे काळी दारू : सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. तिच्यावर चालणाऱ्या एकबारी काडतुशी रायफलींत मार्टिनी-हेन्रीचे नाव मोठे. ब्रिटिश फौजेने ती १८७१ साली स्वीकारली. चापाखालची दांडी ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो आणि नळीचे मागचे तोंड मोकळे होते. एक काडतूस सारायचे, दांडी मिटायची, बार काढायचा, की पुन्हा तेच. काडतुसात दारू ८५ ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून किंचित कमी, आणि पुढे ४८० ग्रेनची शिशाची गोळी. अमेरिकेत हीच जागा १८७३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीची.

काळ्या दारूचा दोष लपत नाही. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. काही धूर होऊन बाहेर पडतो, काही काजळी होऊन नळीत बसतो. १८८४ साली पॉल व्हिए या फ्रेंच रसायनज्ञाने कापसावर नत्राम्लाची क्रिया करून बनवलेल्या द्रव्यापासून बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि १८८६ साली फ्रेंचांची लेबेल रायफल तीच घेऊन आली. इंग्रजांनी त्यात नायट्रोग्लिसरीन आणि थोडे व्हॅसलीन घालून आपली ‘कॉर्डाइट’ काढली.

धूर म्हणजे नुसती डोळ्यांची चुरचुर नव्हे. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हाती एक पिढी मागची बंदूक द्यायची असे धोरण ठेवले होते. १८९७ साली वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत गोऱ्या पलटणींकडे ली-मेटफर्ड होत्या, आणि बहुतेक देशी शिपायांकडे मार्टिनी. समोरच्या आफ्रिदींनी मात्र चोरून, लुटून काही ली-मेटफर्ड मिळवल्या होत्या! आपल्या शिपायाने एक बार काढला की त्याच्या डोक्यावर पांढरा ढग उभा राहायचा. कड्यावरून त्याच्यावर गोळी झाडणारा कुठे बसला आहे, याचा पत्ता नाही. पुढच्याच वर्षी, १ जुलै १८९८ रोजी, क्यूबातल्या एल केनीच्या लढाईत मॅसॅच्युसेट्सच्या स्वयंसेवक पलटणीच्या स्प्रिंगफील्ड रायफलींनी इतका धूर केला, की शत्रूचा मारा ओढवू लागला म्हणून तिला आघाडीवरून मागे घ्यावे लागले.

अशा वेळी मनात येणारच, की बंदूक राहू द्यावी, दारू तेवढी बदलावी. पोलादाची नळी आहे, ठोकळा भक्कम आहे, मग अडचण कसली?

अडचण मापाची आहे. काळी दारू काडतुसात काठोकाठ भरायची, वर गोळी दाबायची, की काम झाले. काडतुसाचे पोट हेच तिचे माप! जास्त भरू म्हटले तरी जागा नाही. बंदूक घडवणाऱ्याने नळीची जाडी ठरवली ती याच भरवशावर. नव्या दारूचा जोर वजनास वजन काळीच्या कितीतरी पट. आपल्या परिचयाच्या थ्री-नॉट-थ्रीचेच पाहा. १८८८ साली ते काडतूस आले तेव्हा त्यात दाबून बसवलेली काळी दारू होती, सुमारे ७० ग्रेन. थोड्याच वर्षांत त्याच काडतुसात सुमारे ३० ग्रेन कॉर्डाइट आली, आणि गोळीचा वेग उलट वाढला. म्हणजे काडतुसाचे पोट आता माप राहिले नाही. चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत मावते, आणि वरून दिसतही नाही.

शिवाय दोघींचे स्वभाव वेगळे. काळी दारू कोंडली काय, मोकळी काय, जवळजवळ आपल्याच चालीने जळते. नवी कोंडली की चेवते : दाब वाढला की ती भराभर जळते, आणि भराभर जळली की दाब आणखी वाढतो. दोन चिमटी जास्त म्हणजे दोन चिमटी जोर जास्त, हा हिशेब इथे चालत नाही.

यात भर पडली व्यापाऱ्यांच्या सोयीची. छर्ऱ्यांच्या बंदुकांसाठी निघालेल्या आरंभीच्या काही बिनधुराच्या दारू मुद्दाम हलक्या, फुगीर केलेल्या होत्या. काळीच्याच मापट्याने मोजल्या तरी चालत. लोकांना सवय लागली. मागून दाट, वजनदार प्रकार आले, आणि मापटे तेच राहिले. बंदुका फुटल्या त्यात नवल कसले?

बरे, भीतीने अगदी थोडी भरावी, तर तेही निर्धोक नाही. मोठ्या काडतुसात चिमूटभर दारू एका कुशीवर पडून राहते. बार वर रोखून काढला तर एक जोर, खाली रोखून काढला तर दुसरा. ती जागी बसावी म्हणून वरून बोळा दाबणारेही आहेत. कधी कधी तो बोळा गोळीवर असा आदळतो, की काडतुसाच्या घरात पोलादाला कडे उमटते आणि पुढचे काडतूस निघता निघत नाही. आणि काजळी दिसत नाही म्हणून नळी धुण्याचा आळस केला, तर जुन्या पद्धतीच्या टोपीतले क्षार आतल्या आत गंज चढवतात.

मग हे जमलेच नाही काय? जमले, पण जाणत्यांच्या हातून. विलायती कारखान्यांनी ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ नावाची काडतुसे काढली. त्यांत बिनधुराची दारू असे, पण दाब जुन्या बंदुकीला सोसेल इतकाच. आपल्या संस्थानिकांच्या शिकारखान्यांतल्या काळ्या दारूच्या एक्सप्रेस रायफलींना अशाच काडतुसांनी पुढे जगवले. सरकारने दुसरा मार्ग धरला : मार्टिनीचा ठोकळा ठेवला आणि नळी थ्री-नॉट-थ्रीची नवी बसवली. तिचे नाव मार्टिनी-एनफील्ड. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. नवी नळीदेखील कॉर्डाइटच्या धगीला पुरी पडेना, तेव्हा मेटफर्डच्या उथळ पेचदार खाचा टाकून १८९५ साली एनफील्डच्या खोल खाचा घ्याव्या लागल्या. मग जुन्या नळीची काय कथा!

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार संपली. बंदुका मात्र संपत नाहीत. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून हजारो जुन्या मार्टिनी निघाल्या आणि अमेरिकेत हौशी लोकांना विकल्या गेल्या. त्यांत नेपाळात हाताने घडवलेल्या गेहेंद्र रायफलीही होत्या, आणि त्या झाडू नयेत असेच जाणकार सांगतात. तिकडे या रायफलींच्या काही स्पर्धांत बिनधुराच्या दारूला मज्जाव आहे. स्पर्धक काळी दारू काठोकाठ भरतात, प्रत्येक बाराला धूर विरेपर्यंत थांबतात, आणि संध्याकाळी नळीतून पाणी ओतत बसतात.