जुन्या ग्रंथांचें मलपृष्ठ व मुद्रणस्वातंत्र्य

खानदेशांत पोथ्या व जुने छापील ग्रंथ जमविणारांस हें परिचित आहे कीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मराठी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर किंवा मलपृष्ठावर मुद्रकाचें नांव, छापखान्याचा गांव आणि पुष्कळदां १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें नोंद केल्याची ओळ असते. पुस्तकबांधणी करणारे हीं पानें निरुपयोगी समजून काढून टाकितात. संग्राहकांनीं असें होऊं देऊं नये; मुद्रणस्वातंत्र्याच्या इतिहासाचें तें अस्सल साधन आहे.

परवान्याचे जुने निर्बंध मेटकाफ यानें १८३५ त काढिले. १८६७ च्या कायद्यानें परवाना पुन्हां आणिला नाहीं; पण छापखानेवाल्यानें मॅजिस्ट्रेटापुढें प्रतिज्ञापत्र करावें, प्रत्येक ग्रंथावर मुद्रकाचें नांव व स्थळ घालावें आणि प्रती सरकारांत द्याव्या असें ठरविलें. (पोथीच्या लेखकास ही उपाधि नव्हती, मनास येईल तर नांव घाली, नाहीं तर नाहीं!) याच कायद्यामुळें सरकारी त्रैमासिक ग्रंथसूची निघाली, हा मात्र संशोधकांवर उपकार. नारायण नरसिंह फडणीस यांनीं १८८७ पासून जळगांवीं चालविलेली 'काव्यरत्नावली' केवळ कवितेला वाहिलेली. तिलाही मुद्रकाचें नांव चुकलें नाहीं.

खरी अडचण पुढेंच. लिटनशाहीचा १८७८ चा देशी वर्तमानपत्रांचा कायदा रिपननें १८८२ त रद्द केला. १९१० च्या कायद्यानें नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये जामीन मागतां येई, व कोर्टाच्या निकालावांचून सरकार तो जप्त करी. दाद मागावयाची ती मागाहून. हा कायदा १९२२ त गेला, पण १९३१ त जामिनाची पद्धति परत आली. साने गुरुजींनीं अमळनेरीं १९३८ त काढलेलें 'काँग्रेस' साप्ताहिक तिच्याच छायेंत निघालें.

इतकें सोसूनही राज्यघटनेच्या १९ व्या कलमांत मुद्रणाचा नामनिर्देश नाहीं, याचें पुष्कळांस नवल वाटतें. घटनासमितींत डिसेंबर १९४८ त हा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांचें उत्तर असें कीं, संपादक हा नागरिकच. लिहितांना तो आपला भाषणस्वातंत्र्याचाच हक्क बजावितो, मुद्रणास निराळा हक्क नको. आम्हांस हें उत्तर शास्त्रशुद्ध वाटतें. सामान्यांत विशेष अंतर्भूत असतोच. त्याची परीक्षा लौकरच झाली. मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' पत्रास मद्रास सरकारनें केलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानें २६ मे १९५० रोजीं रद्द ठरविली. प्रसाराचा हक्कही अभिव्यक्तींतच येतो, असा निर्णय दिला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें निर्बंधांचीं कारणें वाढविलीं. तथापि निर्बंध 'वाजवी' असावा ही अटही तिनेंच घातली, म्हणजे वाजवीपणा तपासण्याचें काम न्यायालयाकडे आलें.

१८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्यानें घेतली. तो मार्च २०२४ पासून अंमलांत आला. नियतकालिकांची नोंद त्यांत आहे, ग्रंथ मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले.