फिजीतल्या मुली आणि बारीक होण्याची ओढ

तरुण मुलींना आपले शरीर नकोसे वाटते, त्याचा वजनाशी संबंध वाटतो त्यापेक्षा कमी असतो. १५५ सेंटिमीटर उंचीच्या तरुणीचे वजन ४५ किलो असो वा ५५, भारतीयांसाठीच्या निकषांनुसार दोन्ही निरोगीच. वयात येताना मुलींच्या अंगात चरबी वाढते, कंबरेखालचा भाग रुंदावतो. ती निसर्गाची वाढ आहे. तिला दोष ठरवते ती भोवतालची नजर, आणि ती नजर किती लवकर बदलू शकते हे फिजी बेटांवर दिसले.

तिथल्या मूळ फिजीयन समाजात भरलेल्या अंगाचे कौतुक होते. मुलगी वाळू लागली की घरच्यांना काळजी वाटे. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही पोहोचला. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये ती पुन्हा केली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती; दुसऱ्या वेळी हे प्रमाण ११.३ टक्के होते. आपण जाड आहोत असे अधूनमधून तरी वाटते, असे ७४ टक्के मुलींनी सांगितले. मुलाखतींतली गोष्ट अधिक बोलकी आहे. परदेशी मालिकांतल्या बायकांसारखे बारीक झालो तर चांगली नोकरी मिळेल, अशी आशा काही मुलींना होती. त्यांना हवे होते ते निराळे आयुष्य. या ओढीला निव्वळ नटवेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि संख्येने थोड्या होत्या, शिवाय त्या काळात फिजीत इतरही बदल होत होते. त्यामुळे सारा दोष टीव्हीवर टाकता येत नाही. मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेकर यांच्याच अभ्यासात आणखी एक धागा सापडला: मुलगी स्वतः किती पाहते याखेरीज तिच्या मैत्रिणी किती पाहतात, याचाही खाण्याच्या तक्रारींशी संबंध होता.

या असमाधानाची किंमत शरीर मोजते. उपाशी राहिल्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडे भक्कम होण्याच्या वयातच ती कमकुवत राहतात. वारंवार उलट्या काढल्याने दातांचे कवच झिजते, रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलगी जेवण टाळू लागली, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊ लागली किंवा तिची पाळी चुकू लागली, तर वजन कितीही असले तरी डॉक्टरांना दाखवायला हवे. असा आजार अंगाने भरलेल्या मुलीलाही होतो.