सारज्ज आणि वेसारज्ज : लेखकाच्या भयाविषयी

लिहू इच्छिणारी अनेक माणसे 'मला हे जमेल काय?' या प्रश्नापाशीच थबकतात. काहींच्या वह्या वर्षानुवर्षे पेटीतच राहतात. या मनोवस्थेला पालीमध्ये नेमका शब्द आहे : सारज्ज. परिषदेत उभे राहताना माणसाला जे दबलेपण जाणवते ते सारज्ज; त्याचा अभाव म्हणजे वेसारज्ज. मराठीत 'विशारद' म्हणजे जाणकार. पालीत मात्र या शब्दात निर्भयता प्रधान आहे.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात शिकणाऱ्या भिक्खूला विशारद करणारे पाच धम्म सांगितले आहेत : श्रद्धा, शील, बहुश्रुतता, वीर्य आणि प्रज्ञा. या यादीत स्तुतीला स्थान नाही, जन्मजात प्रतिभेलाही नाही. पाचही गोष्टी प्रयत्नाने वाढविता येतात.

याहून सूक्ष्म विचार संयुत्त निकायात आढळतो. 'मी श्रेष्ठ', 'मी समान' आणि 'मी हीन' या तिन्ही कल्पना तेथे मानाचेच प्रकार मानल्या आहेत. गर्व हा मान, हे कोणालाही पटेल. परंतु न्यूनगंडही मान कसा? कारण तिन्हींत मन विषयावर नसते, 'मी'च्या मोजमापात गुंतलेले असते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. ज्याला समाजानेच पिढ्यानपिढ्या हीन ठरविले, त्याच्या न्यूनतेच्या भावनेला मान म्हणणे हा पीडितालाच दोष देण्याचा प्रकार नव्हे काय? माझ्या मते, दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अवहेलना हे बाहेरचे वास्तव आहे आणि तिचा प्रतिकार बाहेरच करावा लागतो. परंतु अवहेलना करणाऱ्याची मोजपट्टी लेखकाने स्वतःच्या हाती घेतली, की लेखणी अडते. प्रमाण भाषेचे दडपण हे याचे ठळक उदाहरण होय. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी ही ओढाताण लपविली नाही. दगडू आणि दया पवार यांना समोरासमोर बसवून त्यांनी तिलाच निवेदनाचे रूप दिले. सारज्ज संपेपर्यंत ते थांबले असते, तर ते पुस्तक लिहिले गेले असते काय, याची शंका वाटते.

वेसारज्ज म्हणजे आपले लेखन निर्दोष आहे अशी खात्री नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. तसे मानणारा लेखक पहिल्या प्रकारच्या मानात अडकतो. बाबासाहेबांची विद्वत्ता जगन्मान्य होती. तरीही बुद्धाच्या जीवनावरील आणि शिकवणीवरील आपल्या ग्रंथाच्या मोजक्या प्रती त्यांनी 1951 मध्ये खासगी वितरणासाठी छापून घेतल्या आणि अभ्यासकांचे अभिप्राय मागविले. पुढे त्या ग्रंथाचे नावही बदलले. 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या नावाने तो 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला.